ओळंबा

‘सुतासारखा सरळ करीन’ ही आम्हां मास्तरांची पिढीजात धमकी. पण सूत मुळात सरळ असते कुठे? अंगणात पडलेल्या सुतासारखे वेडेवाकडे दुसरे काही नसेल. दोन टोकांना धरून ताणले, नाहीतर खाली वजन बांधून मोकळे सोडले, तरच ते सरळ होते. ही गोष्ट मला आमच्या मालवणकडच्या एका वृद्ध गवंड्याकडून नीट कळली.

आमच्या घराची मागची पडवी मातीत रचलेली होती. एका श्रावणात सतत पाऊस लागला, भिंत फुगली आणि मध्यरात्री बसली. ढिगारा नेमका आईच्या बाजेवर पडला. आई त्या रात्री बहिणीकडे गेली होती, एवढेच आमचे दैव. दिवाळी झाल्यावर मेस्त्री पडवी बांधायला आले. सोबत त्यांचा तरुण मुलगा होता.

सड्यावरच्या खाणीतून चिरे आले. जांभा खणताना मऊ असतो आणि वारा लागला की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरम येथे या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. म्हणजे आमचे चिरे या निसर्गानेच घडवलेल्या विटा म्हणायच्या!

कोपरा काटकोनात धरण्यासाठी मेस्त्रींनी दोरी काढली. एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत त्यांनी रेषा सरकवली. यज्ञवेदीच्या विटा रचणाऱ्यांसाठी बौधायनाने शुल्बसूत्रात सांगितलेला नियम तो हाच. आणि शुल्ब म्हणजे तरी काय, दोरीच!

मग पातळी. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक बापाने या कोपऱ्याला धरले, दुसरे मुलाने त्या कोपऱ्याला. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभे राहते. हा धडा मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. नळीत एखादा बुडबुडा अडकला तर पातळी चुकते, म्हणून मेस्त्री आधी नळी थोपटून हवा काढून घेत.

भिंत काही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जात नाही. आधी दोन्ही कोपरे उभे राहतात, मग त्यांच्यामध्ये दोरी ताणली जाते आणि तिच्या धोरणाने मधले चिरे बसतात. मात्र चिरा दोरीला टेकू द्यायचा नाही. केसाएवढी फट ठेवायची. एका चिऱ्याने दोरी ढकलली की पुढचे सारे तिच्यामागून वाकडे जातात. शिवाय वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. तो खालच्या चिऱ्याच्या मधोमध यायला हवा.

आणि प्रत्येक थराला ओळंबा. लाकडाची ठोकळी वर भिंतीला लावायची आणि दोरीला बांधलेला पितळी गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला जेमतेम लागला तर भिंत उभी. दूर लोंबला तर वरची बाजू बाहेर आली. भिंतीवर रेलला तर ती आत कलली. मेस्त्रींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता; पण गोळा स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून उभे राहत.

काम संपत आले असताना एका संध्याकाळी गोळा बोटभर दूर लोंबला. त्यांनी ओळंबा खालून वर लावत नेला. तीन थरांपूर्वी चूक शिरली होती. काम उक्ते होते. मोडले तर मजुरी त्यांचीच जाणार होती. मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, ता गिलाव्यात जातला.”

म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्तरांनू, गिलावो झाकता, पेलणा नाय.”

त्यांनी तिन्ही थर उतरवले. ओला चुना खरवडून एकेक चिरा पुसून बाजूला ठेवला. मुलगा अर्धा वेळ गप्पच होता. दुसऱ्या दिवशी तो बापाआधी आला आणि त्याने दोरी स्वतः ताणली.

भिंतीचे वजन सरळ पायात उतरले तरच ती छप्पर पेलते. कललेली भिंत काही लगेच पडत नाही. ती वाट पाहते, एखाद्या भरल्या श्रावणाची.

गिलावा झाला, वर चुना लागला. उतरवलेले थर कोणते, हे आता मलाही दाखवता येणार नाही. आईची बाज त्याच भिंतीला आहे. पहिले दोन पावसाळे मी मध्यरात्री विजेरी घेऊन पडवीत जाऊन येत असे. आता पाऊस कितीही झोडपला तरी उठत नाही.