नागदेवी स्ट्रीटचे बेअरिंग आणि चिरेखाणीतली धूळ

मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनचे नाव एखाद्या जुन्या मशिदीवरून पडले असेल, असे आपल्यातल्या बहुतेकांना वाटते. सांगतात ते वेगळेच. जवळच सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्राएल ज्यूंचे १७९६ सालचे प्रार्थनालय आहे. त्याचे नाव शआर हारहमीम, म्हणजे रहमतीचा दरवाजा. उर्दू जाणणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आजूबाजूचे लोक त्याला मशीदच म्हणत आणि पुढे स्टेशनलाही तेच नाव चिकटले. हे बेने इस्राएल आपल्याच कोकण किनाऱ्यावरचे, घरात मराठी बोलणारे. मुंब्र्याहून धीमी लोकल पकडून आम्ही दोघे त्या स्टेशनवर उतरलो, तेव्हा हे सगळे मी भाच्याला सांगत होते. त्याचे लक्ष मात्र खिशातल्या चिठ्ठीकडे होते.

चिठ्ठीवर दोन ओळी होत्या : ८ × १६ × ५, चौदा नग. ५ × १० × ४, दोन नग.

भाचा माझ्या आपाचा मुलगा. बारावी सायन्स अर्ध्यात सोडून आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला गेला. घरात यावरून बरेच झाले. भावजी कुवेतला असतात, दोन वर्षांतून एकदा येतात. त्यांनी मुलासाठी तिकडे हेल्परच्या व्हिसाचे बोलणे लावले होते. मुलाला आयटीआयचे दुसरे वर्ष पुरे करायचे होते. अशा वेळी त्याने उन्हाळ्यात गॅरेजमध्ये कमावलेले १४,००० रुपये देऊन पुण्याच्या एका कॉलेजच्या मुलाकडून रिमोटवर चालणारी जुनी गाडी आणली. आपाने कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "तू मास्तरीण आहेस. त्याच्याबरोबर जा, बघ आणि सांग, हे शिक्षण आहे की निव्वळ इस्राफ. तू नको म्हणालीस तर विकून टाकू आणि व्हिसाला हो कळवू." म्हणून मी मुंबईला गेले. खेळण्याची हौस मला नाही.

तिला खेळणे म्हणावे का, हाही प्रश्नच आहे. ट्रक आणि बग्गी या दोन शब्दांचा मिळून ट्रगी झाला. बग्गीसारखी बसकी, पण रुंद, मोठ्या चाकांची आणि वर पिकअपसारखी टोपी असलेली. भाच्याची गाडी खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, वजन चार किलोच्या वर. आत ३.५ सीसीचे खरेखुरे टू-स्ट्रोक इंजिन, चारही चाकांना ताकद आणि पुढे, मध्ये, मागे असे तीन डिफरन्शिअल. वर्गात फळ्यावर डिफरन्शिअल काढून दाखवणे आणि ते तळहातावर उघडून आतले चार लहान गिअर फिरताना पाहणे यात किती फरक आहे, ते मी त्या दिवशी पाहिले.

जुनी गाडी घेताना काय बघायचे ते हा मुलगा शिकून गेला होता. टोपीचा रंग आणि स्टिकर यांवर जाऊ नये. ग्लो प्लग बसलेला असताना फ्लायव्हील हाताने फिरवावे. पिस्टन वर येताना अडकल्यासारखा घट्ट झाला पाहिजे, कारण या इंजिनाला पिस्टन रिंग नसते. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते आणि त्या घट्टपणावरच कॉम्प्रेशन टिकते. याच्या इंजिनात तो घट्टपणा राहिला नव्हता. ते ओळखूनच त्याने किंमत पाडून मागितली होती आणि पिस्टन, स्लीव्ह, कनेक्टिंग रॉडचा नवा संच ४,२०० रुपयांना वेगळा मागवला होता. राहिली होती बेअरिंगे.

नागदेवी स्ट्रीट कधी पाहिला नसेल तर रविवार सोडून कुठल्याही दिवशी जा. जवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आपल्या बायका भांडी, खेळणी, लग्नाचे सामान घेतात, पण दोन गल्ल्या पलीकडे त्या वळत नाहीत. इथे पंप, पट्टे, नटबोल्ट, ड्रिलची पाती, वाल्व. दुकान म्हणजे दहा फुटांचा दर्शनी भाग आणि मागे छतापर्यंत खोक्यांची भिंत. हातगाडीवाले "बाजू, बाजू" करीत अंगावर येतात. गुजराती, कच्छी, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येते.

सोनेरी काठाची पांढरी टोपी घातलेल्या एका वयस्क बोहरी दुकानदारापुढे भाच्याने चिठ्ठी ठेवली. त्यांनी ती वाचलीच नाही. म्हणाले, "बेटा, माप नको, नंबर बोल." आणि स्वतःच सांगितले : आठ-सोळा-पाच म्हणजे ६८८, पाच-दहा-चार म्हणजे एमआर १०५. मग विचारले, पत्र्याचे झाकण हवे की रबराचे? भाचा म्हणाला, रबराचे, आमच्याकडे तांबडी धूळ फार. म्हाताऱ्यांनी पहिल्यांदा चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. मोटारीला की पंपाला, असे विचारले. भाच्याने मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. पुढची वीस मिनिटे माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही. हॉबीच्या दुकानात ज्या संचाला २,४०० रुपये सांगितले होते, तो इथे ९६० रुपयांत झाला. सोळाही नग त्यांनी बोटावर फिरवून, कानाशी धरून मगच पुडीत बांधले.

निळ्या चकचकीत अॅल्युमिनियमचे सस्पेन्शनचे हात बसवायचे त्याच्या मनात होते. तेही त्याने म्हाताऱ्यांना विचारले. उत्तर आले, "प्लास्टिक वाकते आणि परत येते. अॅल्युमिनियम वाकले की वाकलेच, आणि मार पुढच्या भागाला देते." तो बेत तिथेच संपला. माझ्या मते त्या दिवसाची खरी बचत तीच.

दुपारी जुम्मा मशिदीच्या बाजूने आलो. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. पायऱ्या उतरून पाण्याशी जाता येते आणि पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर येतात. भाचा कमानींकडे बघत म्हणाला, "खाला, एवढा भार पाण्यातून वर कसा नेला असेल?" बारावी सोडलेल्या मुलाचा हा प्रश्न मी आपासाठी लक्षात ठेवला.

तिथून लोहार चाळीत लांबून तापमान मोजणारी गन घेतली. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेली कपाळाची गन इथे चालत नाही, ती तापाच्या पलीकडे आकडे दाखवत नाही आणि हे इंजिन शंभर अंशांच्या वर चालते. पैसे खर्चायचेच तर कशावर, याचा क्रम त्याने पक्का केला होता. आधी रिसीव्हरची चांगली बॅटरी आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर गाडी आपोआप ब्रेक लावील. मग तेल लावलेला फोमचा एअर फिल्टर, मग बेअरिंगे, मग धातूच्या गिअरचा सर्व्हो. वेग वाढवणारे काहीही शेवटी. चार किलोची वस्तू ताशी साठ किलोमीटरने पायावर आली तर हाड मोडते. आजूबाजूला मुले असतील तर फेलसेफशिवाय हे इंजिन सुरूच करू नये.

इंधनाबद्दल मात्र घरच्या बायकांनी नीट ऐकावे. यात पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, वीस-पंचवीस टक्के नायट्रोमिथेन आणि तेल यांचे ते मिश्रण असते. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेमुळे लाल राहते, म्हणून एकदा सुरू झाल्यावर बॅटरीची ठिणगी लागत नाही. मिथेनॉल विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, जीवही जातो. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही ओतू नये. आणि आखातातून येणाऱ्या भाऊ-भावजींना सांगू नये की येताना दोन बाटल्या आणा. विमानात ते हातातही नेता येत नाही आणि बॅगेतही नाही.

चालवायची कुठे? रत्नागिरीकडचे सडे सपाट, मोकळे, पण तिथे कातळशिल्पे आहेत. उक्षीचा हत्ती पुष्कळांनी पाहिला असेल. २०२२ साली ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कितीतरी शिल्पे अजून मातीखाली असतील, म्हणून सड्यावर चाक लावायचे नाही असे मी बजावले. आमच्या गावामागे एक सोडलेली चिरेखाण आहे. तळ सपाट, तिन्ही बाजूंना चिरे काढलेल्या उभ्या भिंती, त्यामुळे गाडी सुटली तरी कुठे जात नाही. मालकाला विचारून जानेवारीत तिथे गेलो.

नवा पिस्टन एकदम पळवत नाहीत. मिश्रणात इंधन जास्त ठेवून, निळसर धूर सोडीत, टाकीमागून टाकी संथ चालवायचे, मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचे. थंड होताना पिस्टन खाली ठेवायचा, नाहीतर स्लीव्ह त्याला आवळते. पाच टाक्यांना सबंध सकाळ गेली. मी दगडावर बसून सहामाहीचे पेपर तपासले. मग त्याने सुई पाव फेऱ्याहूनही कमी वळवली आणि आवाज बदलला. फिल्टर उघडला तर वरचा फोम विटेसारखा तांबडा आणि आतला स्वच्छ.

भावजींचा व्हिडिओ कॉल तिथेच आला. मुलगा व्हिसाबद्दल काही बोलला नाही. फोन इंजिनाकडे धरला. भावजी बराच वेळ बघत राहिले, मग विचारले, "गरम किती होते?" त्याने गन लावून आकडा दाखवला : १०८. "आणि हे उघडून कोणी बसवले?" "मीच."

आपाला मी सांगितले की हा इस्राफ नाही, वहीत प्रत्येक रुपयाचा हिशेब आहे. व्हिसाचे बोलणे आयटीआयच्या परीक्षेपर्यंत थांबले आहे. भावजींनी हो म्हटलेले नाही आणि नाहीही. इंधनाचा डबा तेवढा आपाने घरात ठेवू दिला नाही. तो माझ्या पडवीमागच्या खोलीत कुलपात आहे आणि किल्ली मागायला भाचा दर रविवारी येतो.