तळ्यांत मासे सोडण्यापूर्वीं

मागल्या महिन्यांत आमच्या वडील बंधूंचें एक पोस्टकार्ड आलें. दादा अजूनही पोस्टकार्डावरच लिहितात आणि कार्डाचा एक कोपराही कोरा ठेवीत नाहींत. घरचें कुशल, पिकाचें मान, आंब्याचा मोहोर एवढें झाल्यावर खालीं बारीक अक्षरांत मजकूर होता: "गांवच्या तलावांत महसीर मासे सोडण्याचें मंडळींनीं ठरविलें आहे. पुण्यामुंबईचे हौशी लोक गळ टाकण्यास येतील, गांवाला चार पैसे मिळतील. तूं शिकलेला; तुझ्या सहीनें अर्जाला वजन येईल. वर्गणीही पाठव." रक्कम फार नव्हती, आणि वडील भावाचा शब्द मोडण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. तरीही तें कार्ड आमच्या टेबलावर तीन आठवडे उत्तरावांचून पडून राहिलें. याचें कारण आळस नव्हे. गेल्या वर्षीं अमेरिकेंत आम्हीं जें पाहिलें आणि लहानपणीं त्याच तलावावर जें केलें, त्या दोहोंची या कार्डानें गांठ घालून दिली.

आमची मुलगी व जावई मिनेसोटा राज्यांत मिनियापोलिस शहरीं राहतात. त्या राज्याला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणतात, आणि गळ घेऊन बसणें हा तेथील पुष्कळांचा सुटीचा नेम आहे. गेल्या ऑक्टोबरांत आम्ही तेथें असतां एका सकाळीं जावयांनीं आम्हांस मिनेटोंका नांवाच्या विस्तीर्ण तळ्यावर नेलें. धक्क्यावर एक मालमोटार उभी होती. तिच्यावर पाण्याच्या टाक्या, टाक्यांत प्राणवायूच्या नळ्या. दोघे जण लांब दांड्याच्या जाळ्यांनीं आंतून मासे काढीत व अलगद तळ्यांत सोडीत होते. मासे वीतभराहून लांब. सडपातळ अंग, बदकाच्या चोंचीसारखें चपटें तोंड, आणि त्या तोंडांत तीक्ष्ण दांतांच्या रांगा. हा मस्केलंज मासा. तिकडचे लोक त्यास लाडानें मस्की म्हणतात. मोठा झाला म्हणजे तो चार फुटांहूनही लांब होतो, आणि दहा हजार वेळां गळ टाकावा तेव्हां एक मस्की लागतो, अशी त्याच्याविषयीं तिकडे म्हणच आहे.

हे मासे धक्क्यापर्यंत येण्यापूर्वीं मनुष्याच्या हातून त्यांच्यावर किती संस्कार होतात, तें तेथील एका अधिकाऱ्यानें आम्हांस समजावून सांगितलें. वसंतांत बर्फ वितळला म्हणजे तळ्याच्या उथळ कोपऱ्यांत जाळीं लावून प्रौढ नरमाद्या धरावयाच्या. मादीच्या पोटावरून हळूच हात फिरवून अंडीं भांड्यांत घ्यावयाचीं, त्यांत नराचें रेत मिसळावयाचें. अंडीं वाहत्या पाण्याच्या बरण्यांत ठेवतात. सुमारें दोन आठवड्यांत तीं फुटतात. पिलें अगदीं लहान असतांना पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर राहतात. परंतु थोड्याच दिवसांत त्यांस जिवंत मासेच हवे असतात, आणि ते वेळेवर मिळाले नाहींत तर भावंडें भावंडांस खातात. शरदृतूंत तीं दहाबारा इंचांचीं झालीं म्हणजे तळ्यावर आणतात, आणि टाकींतील व तळ्यांतील पाण्याची उष्णता जुळल्यावर मगच सोडतात. सासरीं जाणाऱ्या मुलीलाही आपण इतक्या बेतानें निरोप देत नाहीं!

एवढें करून मासा पानांत पडतो म्हणाल, तर तेंही नाहीं. मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांत ५४ इंचांहून आंखूड मस्की घरीं नेण्यास मनाई आहे. त्याहून मोठा सांपडला तरी पुष्कळ लोक त्याचें छायाचित्र घेऊन त्यास सोडून देतात. हा सारा खटाटोप केवळ हौसेसाठीं. आम्ही त्या अधिकाऱ्यास विचारलें, "मासा तो मासा, कोणत्याही तळ्यांतून आणला तरी काय बिघडतें?" तो हसला व म्हणाला, "हा प्रश्न आमच्या खात्यानें एके काळीं विचारला नव्हता, आणि त्याचें फळ आम्हीं भोगलें."

ती हकीकत अशी. राज्याच्या उत्तर सीमेजवळ शूपॅक नांवाचें एक लहानसें तळें आहे. आज तें व्हॉयाजर्स राष्ट्रीय उद्यानांत येतें. तेथें मस्की विपुल आणि धरावयास सोपा. म्हणून १९५० नंतरच्या दशकापासून पुढें बरींच वर्षें तेथील माशांचीं अंडीं घेऊन राज्यांतील कितीतरी तळ्यांत पिलें सोडण्यांत आलीं. पण मासे म्हणावे तसे वाढेनात. शूपॅकच्या पाण्यांत पिढ्यान् पिढ्या राहून तेथील मासा जातीनेंच खुजा झाला होता. मोठ्या तळ्यांत, भरपूर खाद्यांत ठेवला तरी तो आपली मूळची कांठी सोडीना. मिसिसिपीच्या उगमाकडील लीच तळ्याचा मस्की मात्र चांगला थोराड होई. हें पडताळून पाहिल्यावर १९८० नंतर लवकरच खात्यानें शूपॅकचा नाद सोडला व लीच तळ्याचा वंश धरला. तरीही कांहीं तळ्यांतील माशांच्या रक्तांत शूपॅकचा अंश पुढें कित्येक वर्षें सांपडत राहिला. पाण्यांत सोडलेला मासा पुन्हां वेंचून काढतां येत नाहीं.

ही परदेशची गोष्ट आम्ही विसरलोंही असतों. पण दादांच्या कार्डांतील 'महसीर' या शब्दानें आम्हांस ग्रंथालयांत धाडलें. कारण महसीर वाढविणें हें तर आपल्या घरचें काम आहे. निळसर परांचा महसीर, ज्यास शास्त्रज्ञ टॉर खुद्री म्हणतात, तो कर्नल साइक्सनें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील माशांवरून प्रथम वर्णिला. पुढें तो दुर्मिळ होऊं लागला, तेव्हां लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावाजवळ १९७० नंतर त्याची पैदास सुरू झाली. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांच्या परिश्रमानें तेथें लक्षावधि पिलें तयार होऊन देशांतील अनेक नद्यांस व तलावांस धाडलीं गेलीं. हें काम थोर होतें यांत शंका नाहीं. ज्याच्या नाशाची भीति होती, तो मासा आज आंतरराष्ट्रीय यादींत धोक्याबाहेर गणला जातो.

परंतु तीं पिलें कावेरींतही गेलीं. कावेरीच्या खोऱ्यांत तिचा स्वतःचा एक महसीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला, केशरी परांचा. त्याचे शंभर पौंडांहून भारी मासे गळास लागल्याच्या नोंदी आहेत. कावेरीवरील गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ या काळांतील नोंदी अभ्यासकांनीं तपासल्या, तेव्हां निळ्या परांचे मासे वाढत गेलेले आणि केशरी परांचे विरळ होत गेलेले दिसले. धरणें, वाळूचा उपसा, चोरटी मासेमारी हींही कारणें आहेतच. पण पाहुण्याचाही त्यांत वांटा असावा असें अभ्यासकांचें मत आहे. २०१८ सालीं हा कावेरीचा महसीर म्हणजेच टॉर रेमादेवी अशी त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच सालीं तो अतिशय संकटग्रस्त ठरला. बारशाच्या दिवशींच वैद्यानें आशा सोडावी, तसा हा प्रकार! एका माशाला तारणारा हात तोच दुसऱ्याच्या नाशास लागावा, आणि हेतु मात्र दोन्ही वेळां शुद्ध असावा, हें वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों.

कारण आमच्या गांवच्या तलावाची गोष्ट याहून लहान असली तरी ती आमच्या हातची आहे. १९८० च्या उन्हाळ्यांत आम्ही बारा वर्षांचे होतों, दादा सोळांचे. तालुक्याच्या गांवीं कालव्यांत चिलापी मासा होता. हा मूळचा आफ्रिकेचा; १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेला. त्याची मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते, म्हणून त्याची प्रजा झपाट्यानें वाढते, हें आम्हांस कोठून ठाऊक? असा गुबगुबीत मासा आपल्याही तलावांत असावा, एवढेंच आम्हां दोघांस वाटलें. तांब्याच्या घागरींत पंधरावीस पिलें घालून, ती पाळीपाळीनें डोक्यावर घेऊन आम्ही सात मैल चालत आलों, आणि मोठ्या अभिमानानें ती तलावांत पालथी केली.

तलावाच्या पलीकडच्या अंगास कातकऱ्यांची वाडी आहे. तेथील बाया संध्याकाळीं जुन्या लुगड्याची झोळी करून कडेच्या पाण्यांत खवली व झिंगे धरीत. तेंच त्यांचें कालवण. पांचसहा वर्षांनीं आम्ही कॉलेजांतून सुटीस घरीं आलों, तेव्हां त्यांतली एक म्हातारी सहज बोलून गेली, "आतां लुगड्यांत येतंय तें चिलापीचं पिल्लू. खवली गेली, भाऊ." तिला घागरीची गोष्ट ठाऊक नव्हती. आम्हीं ती सांगितलीही नाहीं. खवली केवळ चिलापीमुळें गेली असें आम्ही छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं. पण घागर आमची होती, हें आम्हांस नाकारतां येत नाहीं.

म्हणून अखेर आम्हीं दादांस लिहिलें तें असें. अर्जावर सही आज करीत नाहीं. वर्गणी पाठवीत आहों. ती मात्र आधीं तलावाची ओळख करून घेण्यांत खर्च व्हावी. आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे एक सहकारी वर्षांतून तीनदां येऊन, जाळें टाकून, त्या पाण्यांत आज कोण राहतें याची यादी करून देण्यास तयार आहेत. त्यांनीं प्रथम वाडीवरच्या बायांस विचारावें. त्यांच्याइतका तो तलाव कोणीच पाहिलेला नाहीं. महसीर वाहत्या पाण्यांत, खडे-गोट्यांच्या तळावर अंडीं घालतो. आपल्या साठलेल्या पाण्यांत त्याची प्रजा व्हावयाची नाहीं व पिलें पुन्हां पुन्हां विकत आणावीं लागतील, याचाही हिशेब मांडावा. एवढें झाल्यावर सोडावयाचें ठरलें तर आमची सही आहेच. आणि शेवटीं, १९८० सालची घागर आठवते काय, असें विचारलें.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. "मंडळी रागावली आहे. म्हणतात, शिकलेला माणूस नेहमीं मोडता घालतो. अर्ज मीं थांबविला आहे. घागर अजून माळ्यावर आहे. तुझे सहकारी केव्हां येतात तें कळव. त्यांना वाडीवर मीच घेऊन जाईन."

ती म्हातारी आतां हयात नाहीं. तिची सून मात्र आहे. सहकाऱ्यांबरोबर आम्हीही जाणार आहों, आणि घागरीची गोष्ट या खेपेस तिला सांगणार आहों.