घर तेच, पत्ता नवा

पत्र पोहोचायचे तर माणूस घरी असून भागत नाही. पाकिटावरचा पत्ताही जुळावा लागतो. हे वर्गात सांगणे सोपे. घरातल्या यंत्रापुढे ते पुन्हा शिकायला मला चार दिवस लागले.

आमच्या माळ्यावर एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यावर आहेत. आई आता नाही. इंदूरची मावशी चौऱ्याऐंशीची. रोज तिन्हीसांजेला नातीकडून मोबाइलवर त्या लावून घेते. यंदा पावसाळ्यात संगणकाची मुख्य डिस्क निकामी झाली. ओव्या दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या. नवी डिस्क आणून तिच्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली, वेब सर्व्हर सुरू केला. घरात ओव्या वाजू लागल्या; इंदुरात मात्र नाही. मावशीचा फोन आला, "बाळ, अक्का गप्प का रे झाली?"

पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला.

"सर, आपण जवळून लांब जाऊ. आधी राउटर उत्तर देतो का बघा."

"देतो रे."

"आता बाहेरचा एखादा आकडी पत्ता. मग नाव."

दोन्हीकडून उत्तर आले. म्हणजे यंत्राला बाहेर जाता येत होते. बाहेरच्यांना आत येता येत नव्हते.

"मग सर, आलेल्या पाहुण्याला राउटर कुठल्या खोलीत धाडतो, ते वाचा बघू."

राउटरमध्ये नोंद होती : ८० आणि ४४३ या पोर्टांवर येणारे सारे १९२.१६८.१.१० कडे पाठवावे. संगणकाचा पत्ता पाहिला, तर १९२.१६८.१.२३! जुना ठरावीक पत्ता जुन्या डिस्कबरोबर गेला होता आणि नव्या प्रणालीने राउटरने दिला तो घेतला होता. पाहुणे रिकाम्या खोलीचे दार ठोठावून परत जात होते.

उपाय पाच मिनिटांचा. नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक मिळालेला असतो. प्रणाली पुन्हा बसवली म्हणून तो बदलत नाही. त्या क्रमांकाला कायम तो जुनाच पत्ता द्यावा, अशी नोंद राउटरमध्ये केली आणि संगणक पुन्हा चालू केला. घरचे वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर पान उघडले. आईचा आवाज आला.

आपल्या भागातल्या माणसांना यात नवल ते काय? आमचे घर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये आमच्या बेळगावचे सरकारी नाव बेळगावी. भिंत वीतभरही हलली नाही. पत्ते देणारे देतात आणि बदलतात. जन्माबरोबर आलेले सोबत राहते. पण नुसते राहून उपयोग नाही. आलेल्याला वाट दाखवणारे घरात कुणीतरी हवे.

दहावीतली पुतणी शाळेत कन्नड शिकते, घरी मराठी बोलते. राउटरची ती नोंद मी तिला दाखवून ठेवली आहे. सगळे आकडे तिने आपल्या वहीत उतरवून घेतले, आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिले : आजीचा पत्ता.