मामांची औटकी

आवाजाचा आणि अकलेचा काहीतरी संबंध असतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. वर्गात जो मोठ्याने पाढे म्हणतो तो हुशार, घरात जो मोठ्याने बोलतो तो कर्ता, आणि सभेत जो मोठ्याने बोलतो तो निवडून येतो. यातल्या शेवटच्या दोघांविषयी मी काही बोलत नाही. मला अजून साताऱ्यात राहायचं आहे. पण आवाज कानात शिरला की मेंदू त्यावर ठेका धरतो, आणि तो ठेका मोजताही येतो, हे ज्ञान मला सांगलीला मामांच्या घरी झालं.

आमचे मामा गणिताचे मास्तर. पावकी, निमकी, दिडकी हे त्यांच्या लेखी बाळगुटीसारखे पदार्थ. खरी माया औटकीवर. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. नव्या पिढीला हा शब्द औषधाच्या बाटलीवरचा वाटतो, पण मामा ती अंघोळीच्या पाण्याबरोबर म्हणत. साताऱ्याहून कऱ्हाड, पेठनाका करत एसटीने सांगलीला पोचेपर्यंत खिडकीच्या काचेनं डोक्याचा जो खुळखुळा केलेला असे, तो मामांची औटकी कानावर पडली की ठिकाणावर येई.

गेल्या दिवाळीला गेलो तर मामांनी मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारली. तेही चाललं असतं. आम्ही दोघे सारखेच बावळट दिसतो. पण औटकी म्हणता म्हणता तेरावर ते अडले. नुसते अडले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं पोरं ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघत आली, तीच ती नजर. मामी पदराला हात पुसत आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मामांचा नातू बंड्या इंजिनिअरिंगला आहे. त्यामुळे घरात कुठलीही वस्तू बिघडली की ती दुरुस्त करण्याचा पहिला हक्क त्याचा. त्यानं आजोबांच्या कानांवर भलेमोठे हेडफोन चढवले आणि मला म्हणाला, "काका, चाळीस हर्ट्झ!"

मी एक कान लावून पाहिला. लांब कुठेतरी डिझेल इंजिन टरटरत असावं, तसा आवाज. मामांनी पाच मिनिटं सोसलं आणि म्हणाले, "बंड्या, गिरणी बंद करायला सांग. दळण झालं असेल."

या गिरणीमागे मात्र थोर माणसं आहेत. मेंदूत विजेच्या लाटा उठतात, हे हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1924 साली माणसाच्या डोक्यावरून नोंदवलं. पुढे 1981 साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलाम्बोस आणि मंडळींनी माणसांच्या कानात सेकंदाला सुमारे चाळीस टकटकी सोडल्या, तर मेंदूतल्या लाटाही त्याच चालीनं पावलं टाकू लागल्या. ही चाल इतकी हळू असते की एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातला जेमतेम एखादा. शिवाय खोलीतल्या वायरींची आपली पन्नास हर्ट्झची भुणभुण असतेच. म्हणजे माणसाचा मेंदू ऐकायला बसावं तर आधी वीजमंडळ ऐकू येतं! म्हणून टकटक शेकडो वेळा ऐकवायची आणि सरासरी काढायची. गोंगाट एकमेकांत जिरतो, ठेका उरतो.

मामांना हे पाढ्यांच्या भाषेत सांगितलं तेव्हा लगेच पटलं. साठ पोरं आपापल्या तंद्रीत बडबडली तर व्हरांड्यात कालवा ऐकू येतो. तीच एका सुरात पाढा म्हणू लागली तर हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत शब्द कळतो. मेंदूतल्या पेशींचंही तेच. झोप लागली की ही चाळीसची चाल मंदावते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ती अशक्त आढळते, असं 1999 सालापासून दिसत आलंय. निरोगी माणसांतही ठेका आणि डोकं चालवण्याचा वेग यांचं काही नातं आहे का, याचा तपास चालू आहे. नातं दिसतं म्हणतात; पण ते सख्खं की लांबचं, हे अजून ठरायचंय.

बंड्याची उडी यापुढची. अमेरिकेतल्या एमआयटीत ली-हुई त्साई यांच्या प्रयोगशाळेनं 2016 साली चाळीस हर्ट्झचा लुकलुकता प्रकाश आणि 2019 साली तसाच आवाज वापरून अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांच्या मेंदूतला मळ कमी केला. आवाजाच्या प्रयोगात उंदरांची स्मरणशक्तीही सुधारली. "उंदरांची!" मामी म्हणाली. "अहो, आमच्या माळ्यावरचे उंदीर आधीच काही विसरत नाहीत." माणसांच्या बाबतीत डॉक्टर जपून बोलतात, हे बंड्यानं शेवटी कबूल केलं.

जपून बोलणं बरंच. 1993 साली कॅलिफोर्नियात छत्तीस विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण पडले. तेही पाव तासापुरते. एवढ्यावर 1998 साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला संगीताची भेट देण्यासाठी सरकारी पैसे मागितले. पाव तासाच्या हुशारीचा इतका गाजावाजा आमच्या नगरपालिकेनंही कधी केला नाही.

आणि मोझार्टच कशाला? सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज. अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज, तंबोऱ्यांची मिरज. तिथला कारागीर तारेखाली जवारीचा दोरा इकडून तिकडे केसभर सरकवतो आणि तार एकदम बोलू लागते. जोडीच्या दोन तारांत किंचित फरक राहिला तर आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. दोन कानांत दोन वेगळे सूर सोडले तर ही लाट हवेत नसून डोक्यातच उठते, हे डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1841 साली ओळखलं होतं. मिरजेच्या कारागिराचं यंत्र एकच, त्याचा कान.

त्या कानावरूनच मला सुचलं, मामांना ऐकू किती येतं? कारण ज्या टकटकीच्या ठेक्यानं बंड्या भारावला होता, तोच ठेका, टकटक जरा जलद करून, तान्ह्या बाळाला ऐकू येतं का हे तपासायला वापरतात. बाळाला विचारायची सोय नसते ना. मामांना विचारायची सोय होती, पण ते सगळ्यालाच "हं" म्हणत. मामी गेली दोन वर्षं तो होकार समजत होती आणि त्या होकारावर दोन पैठण्या झाल्या होत्या.

आम्ही त्यांना मिरजेला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. निम्मं ऐकू येत नव्हतं. विसरणं थोडं आहे, त्यावर लक्ष ठेवू, पण ऐकण्याचा उपाय आज आहे, असं डॉक्टर म्हणाले. 'लॅन्सेट' आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं सांगितली, त्यांत बहिरेपण आहे. परतताना मामा कानातलं यंत्र चाचपत होते आणि रिक्षावाल्याला, "हॉर्न कमी वाजव रे बाबा," म्हणत होते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 सालापासून एक आवाज निघाला. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा, टीव्ही-मोबाइल बंद व्हायचे आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत पोरं अभ्यासाला बसायची. मेंदूच्या लाटा मोजायला तिथे कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. हे मामांना यंत्र लावल्यावर सांगितलं, तेव्हा त्यांनी बंड्याचे हेडफोन काढून कपाटात ठेवायला लावले आणि स्वतःची वेळही सातचीच ठरवली.

आता मी गेलो की सातला औटकी असते. मामा बारावर बेचाळीस म्हणतात आणि थांबतात. स्वयंपाकघरातून मामी म्हणते, "साडेपंचेचाळीस." पूर्वी हे त्यांना ऐकू गेलं नसतं. मग मामा, हे आपल्यालाच आठवलं अशा थाटात मान डोलावून चौदावर जातात.