दप्तरांतले पूर्वज

श्राद्धाच्या वेळीं आपण पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पुरुषांचीं नांवें घेतों. त्यांना वसु, रुद्र व आदित्य यांचें रूप देऊन तिलोदक देतों आणि त्यांच्या पलीकडील सर्वांची बोळवण गोत्राच्या एका शब्दावर करितों. ज्याला गोत्रहि ठाऊक नाहीं त्यानें काश्यप म्हणावें, अशी सोय शास्त्रकारांनीं करून ठेविली आहे. धर्मकृत्यास एवढें पुरतें, जिज्ञासेस मात्र पुरत नाहीं. चौथा पुरुष कोण, तो कोठें राहत होता, घाट चढून देशावर कां गेला, हे प्रश्न साठी उलटल्यावर मनुष्यास गांठतात. आणि त्यांचीं उत्तरें देणारीं वडील माणसें तोंपर्यंत बहुधा निघून गेलेलीं असतात. मग उरतात तीं दप्तरें.

आमच्या घरीं अशी सांगी होती कीं, आमचे मूळ पुरुष भोर घाटाच्या पायथ्याशीं भिक्षुकी करून राहत असत. ही सांगी खरी कीं खोटी हें पाहावें, एवढ्याच हेतूनें गेल्या मार्गशीर्षांत मी कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत आठ-दहा दिवस फिरून आलों. वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत अशीच इच्छा असेल. त्यांस उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत देतों.

कर्जत स्टेशनावर उतरलें म्हणजे पूर्वेस सह्याद्रीची भिंत एकदम अंगावर येते. राजमाचीचे जुळे बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, स्वच्छ दिवशीं येथूनहि ओळखूं येतात. पश्चिमेस माथेरानचें पठार आडवें पसरलेलें असतें. मधून उल्हास नदी वाहते. भात कापून झालें होतें, खळीं सारवलेलीं होतीं आणि पेंढ्याचा गोड वास सर्वत्र दरवळत होता. येथून पळसदरीवरून खोपोलीस जाणारा लोहमार्ग ही या प्रदेशांतील सर्वांत जुनी रेल्वेची वाट होय. ती १८५६ सालच्या मे महिन्यांत सुरू झाली. त्या वेळीं गाडी खोपोलीस संपे. पुढें घाट पालखीनें, तट्टावर अथवा पायीं चढावा लागे आणि खंडाळ्यास पुन्हां गाडी मिळे. घाटांतील लोहमार्ग १८६३ च्या एप्रिलमध्यें खुला झाला.

या कामाचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले. त्यानें आंखलेला मार्ग पुरा होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, तो विलायतेंत वारला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें येथें आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढें त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका सांभाळून काम तडीस नेलें. अशा मंडळींचे बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांच्या नोंदी मुंबईच्या पाद्र्यांनीं करून त्यांच्या प्रती लंडनला धाडिल्या. त्या आज तेथील ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत. १९९८ मध्यें स्थापन झालेली एक संस्था हिंदुस्थानांत राहून गेलेल्या ब्रिटिश कुटुंबांचा माग काढण्याचेंच काम करिते. परंतु ऐन भरांत असतांना या घाटावर एका वेळीं ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीनें, तापानें व सुरुंगानें त्यांतले किती गेले, याची नांवनिशी कोणीं ठेविली नाहीं. पळसदरीच्या पुढें गाडीच्या खिडकींतून बोगद्यांकडे पाहतांना हा भेद मनांत सलतो.

ज्या लोकांनीं नांवें लिहून ठेविलीं त्यांची पद्धति तरी काय, तें पाहूं. इंग्लंड व वेल्स या देशांत प्रत्येक चर्चच्या हद्दीस पॅरिश म्हणतात. १५३८ सालीं राजाज्ञा निघाली कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानें बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी. १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि १८४१ पासून खानेसुमारींत घरोघरच्या माणसांचीं नांवें राहूं लागलीं. ते कागद शंभर वर्षें बंद ठेवून मग लोकांस दाखवितात. १९२१ चे कागद २०२२ मध्यें उघडले. १९३१ चे १९४२ च्या आगींत जळाले व १९४१ सालीं युद्धामुळें गणनाच झाली नाहीं.

यांतहि वेल्स देशाची गोष्ट आपल्याला जवळची वाटण्यासारखी आहे. तेथें पूर्वीं आडनांव नव्हतें. स्वतःचें नांव व पुढें बापाचें नांव, एवढीच ओळख. ‘ऱ्हीस’चा मुलगा तो ‘अप् ऱ्हीस’, ‘हाउएल’चा मुलगा तो ‘अप् हाउएल’. इंग्रजी कारकुनीच्या रेट्याखालीं त्यांचेंच पुढें ‘प्राइस’ आणि ‘पॉवेल’ झालें. मोजक्याच नांवांचीं आडनांवें बनल्यामुळें एकेका गांवांत इतके जोन्स आणि डेव्हिस झाले कीं, शेताच्या अथवा धंद्याच्या नांवानें त्यांस निराळें ओळखावें लागे. एका आळींत चार जोशी व तीन कुलकर्णी असल्यावर आपण करितों तेंच हें! तेथील जुन्या काळची स्त्री लग्नानंतरहि बापाच्या नांवानें ओळखली जाई. आपल्याकडे मात्र सासरीं येतांच मुलीचें पहिलें नांवहि पुसलें जातें, आणि त्यामुळें आपल्या वंशावळींतील निम्मीं माणसें अज्ञात राहिलीं आहेत.

आपल्याकडे खानेसुमारी १८७२ पासून आहे. परंतु घरोघरच्या याद्यांतून बेरजा काढल्या कीं त्या याद्यांचें काम संपे. म्हणून आंकडे राहिले आणि माणसें गेलीं. तेव्हां आपल्या मार्गाचे टप्पे निराळे आहेत. पहिला टप्पा क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. दुसरा पुण्याचें पेशवे दप्तर. इनाम, वर्षासन वा वतन ज्यांच्याकडे होतें त्यांचे कागद येथें सांपडण्याचा संभव, कारण १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशननें प्रत्येकाकडे हक्काचा पुरावा मागितला होता. तिसरा टप्पा गांवचें दप्तर: हक्कनोंद, फेरफार, जन्ममृत्यूची वही व शाळेचें जनरल रजिस्टर. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता व खालापूर हा त्याचा पेटा होता. नंतर तो कुलाब्यांत गेला. आणि कुलाब्याचें रायगड हें नांव १९८१ सालचें. जुन्या कागदासाठीं अलिबागेसच हेलपाटे घालणाऱ्यानें ठाण्याचीहि वाट ध्यानांत ठेवावी.

आमच्या सांगीचा निकाल पहिल्याच टप्प्यावर लागला. त्र्यंबकेश्वरीं उपाध्यांच्या वहींत शके १७८३, म्हणजे इसवी सन १८६१ ची मोडी नोंद मिळाली. गोत्र आमचें, आडनांव आमचें, ‘वस्ती खोपोली’ असें स्पष्ट अक्षर. घाटावर सुरुंग वाजत होते त्याच वर्षीं आमचा पूर्वज आईचें श्राद्ध करावयास त्र्यंबकास गेला होता. बापाचें नांव, दोघां भावांचीं नांवें, आणि ज्या मातेसाठीं तो गेला तिचेंहि नांव त्यानें लिहविलें होतें. आमच्या घराण्यांतील इतक्या जुन्या स्त्रीचें नांव मीं प्रथमच वाचलें.

तें नांव मनांत घेऊन खोपोलीस गेलों. नाना फडणविसांनीं बांधविलेलें वीरेश्वराचें देवालय व त्यापुढील विस्तीर्ण तळें अद्याप आहे. १९१५ पासून टाटांचें जलविद्युत्‌गृह येथें चालू झालें आणि गांवाचें रूप पालटलें. पण तळ्याच्या पायऱ्यांवर बसलें असतां जुनें खोपोली डोळ्यांपुढें उभें राहतें. तेथून खालापूर जवळ, आणि पुढें महडचा वरदविनायक. तें देवालय १७२५ सालीं सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनीं बांधविलें असें सांगतात. देऊळ बांधणाऱ्याचें नांव दगडाच्या आधारानें टिकतें. चावणीजवळच्या उंबरखिंडींत १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानास कोंडून शरण आणिलें; तेथें स्मारक आहे. विजयी व पराजित दोघांचींहि नांवें आपणांस पाठ आहेत. रानाच्या वाटा दाखविणारा कोण होता, हें कोणी सांगत नाहीं.

हा विचार केवळ भावनेचा नव्हे, हें मला पुढील दोन दिवसांनीं शिकविलें. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागांत शिक्षक आहे. मला मोडी येते हें ठाऊक असल्यानें त्यानें एका कातकरी मुलीचें काम माझ्यापुढें ठेविलें. मुलगी बारावी उत्तीर्ण झालेली, परिचारिकेचें शिक्षण घेऊं इच्छिणारी. राखीव जागेसाठीं जातीची पडताळणी हवी, आणि अनुसूचित जमातीच्या बाबतींत ६ सप्टेंबर १९५० च्या पूर्वींचा वास्तव्याचा दाखला मागतात. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारे. पुढें कोळसा पाडणें व वीटभट्टी यांवर वर्षाचे सहा-सात महिने बाहेर काढणारे हे लोक. जमीन नांवावर नाहीं, म्हणून सातबारा नाहीं. तीर्थयात्रा नाहीं, म्हणून वही नाहीं. एका कचेरींत तिच्या बापास, “आजोबांचा कागद आण, मग ये,” एवढेंच तीनदां ऐकावें लागलें होतें.

कोतवालाच्या जन्ममृत्यूवहीचीं पानें आम्हीं दोन दिवस चाळलीं. अशा वह्यांचें मोल २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं सरकारनें समिति नेमिली तेव्हां साऱ्या महाराष्ट्रास कळलें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नसतो, शाई पुसट होते, कसर लागलेली असते. अखेर ‘काथोडी’ या जातीची एक जन्मनोंद सांपडली. मुलाचें नांव मुलीच्या आजोबांचें; बापाचें नांव घरच्यांनीं सांगितलें तेंच; परंतु आडनांव कोठेंच नाहीं. आजच्या कागदांत मात्र कुटुंबाचें आडनांव वाघमारे. वेल्सच्या पॅरिशमध्यें ‘अप् ऱ्हीस’चा ‘प्राइस’ कसा झाला हें सांगणारे पंडित आहेत. येथें ती सांधेजोड कोण करणार? ती केली शाळेच्या जनरल रजिस्टरनें. १९४९ च्या पानावर आजोबांच्या धाकट्या भावाचें नांव होतें: बाप तोच, गांव तेंच, जात ‘कातकरी’, आणि आडनांव प्रथमच लिहिलेलें. मुलगा दोन महिने शाळेंत येऊन पुन्हां भट्टीवर गेला असें शेऱ्यांत होतें. दोन्ही नोंदींच्या नकला जोडून प्रकरण समितीपुढें गेलें आहे. मी हें लिहितों तोंपर्यंत निकाल आलेला नाहीं.

त्या अज्ञात मास्तरांस मीं मनांतल्या मनांत नमस्कार केला. दोन महिन्यांच्या विद्यार्थ्याचें नांव न लिहितां पान कोरें सोडलें असतें तरी त्यांस कोणी जाब विचारला नसता. आमच्या धंद्यांत पुष्कळांनीं जन्मतारीख ठाऊक नसली कीं सरसकट १ जून मांडून पोरांस एका दिवसाचीं जुळीं भावंडें केलें, हें खरें. तरी पण गांवांतील प्रत्येक जातीच्या मुलाचें नांव जेथें एकाच अक्षरांत येतें असें पुस्तक आपल्याकडे हेंच. पॅरिशच्या वहीची जागा आपल्या देशांत कोणत्या वहीनें घेतली असेल तर ती शाळेच्या रजिस्टरानें.

वाचकांस एवढीच विनंति कीं, कुलवृत्तान्त छापण्याची वाट पाहूं नका. घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्याजवळ आज संध्याकाळीं वही घेऊन बसा. पुरुषांचीं नांवें लिहालच. प्रत्येक स्त्रीचें माहेरचें नांव, माहेरचें गांव व तिच्या आईचें नांवहि लिहा. जुनी शाळा, देवस्थान वा ग्रामपंचायत यांवर आपला अधिकार चालत असेल तर तेथील वह्या कोरड्या जागीं ठेववा व त्यांचीं छायाचित्रें काढून घ्या. मोडी येत असेल तर आठवड्यांतील एक दिवस दुसऱ्याच्या कामासाठीं राखा. मी बुधवार राखिला आहे. पुढच्या बुधवारीं दोन ठाकूर कुटुंबांचीं पानें वाचावयाचीं आहेत.