चरबीतले मुकुट

परवा रात्री एक चित्र पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय! सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला चरबीचा पातळ काप. भिजून टपोऱ्या झालेल्या साबुदाण्यासारख्या गोल, फिकट पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. आणि मधेच एक अशी, जिच्याभोवती तपकिरी ठिपक्यांचं दाट कडं पडलंय. आतली पेशी मेलेली आहे आणि कडं आहे मॅक्रोफेजचं, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचं. २००५ मध्ये इटलीतल्या सावेरियो चिंती यांच्या गटाने दाखवलं, की लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीतले दहापैकी नऊहून जास्त मॅक्रोफेज अशा मेलेल्या पेशींभोवतीच जमलेले असतात. या कड्याला त्यांनी मुकुटाची उपमा दिलीय.

इतकी वर्षं मी चरबीला कोठार समजत होतो. जास्तीचं खाल्लं, तिथे साठलं, संपलं! आणि इथे तर जखमेत चालावी तशी धावपळ चालू आहे, जखम मात्र कुठेच नाही. सडपातळ शरीराच्या चरबीत एकूण पेशींमध्ये मॅक्रोफेजचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली असतं, लठ्ठ माणसात ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. हे कळलं २००३ मध्ये. म्हणजे मी कॉलेजात होतो तेव्हा! कुणी सांगितलं कसं नाही?

सुरुवात त्याच्याही आधीची. १९९३ मध्ये अमेरिकेत गोखान होतामिश्लिगील आणि ब्रूस स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा सापडलं. हा दाहाचा, म्हणजे त्या जखमेतल्यासारख्या धावपळीचा, निरोप्या. तो निकामी केला तर लठ्ठ उंदरांच्या शरीरात इन्शुलिन अधिक चांगलं काम करू लागलं. इन्शुलिन दाराची कडी वाजवतंय आणि दाहाच्या गोंगाटात आत ऐकूच जात नाही, असं काहीसं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

पण मी खरा थक्क झालो ते विश्वदीप दीक्षित यांच्या कामाने. हिसारला पशुवैद्यक शिकलेले हे इम्युनॉलॉजिस्ट आता येल विद्यापीठात आहेत. त्यांनी विचारलं, की जंतूच नाहीत तर धोक्याची घंटा वाजवतंय कोण? मॅक्रोफेजच्या आत एनएलआरपी३ नावाचं प्रथिन असतं. जंतूची चाहूल लागली की ते जागं होतं आणि दाह पेटवणारं इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर सोडायला लावतं. लठ्ठपणात मेदापासून तयार होणारे सिरामाइडसारखे रेणूच हे प्रथिन जागं करतात. आपल्याच शरीरातला माल, आणि पहारेकरी त्यालाच चोर समजतो! एनएलआरपी३चा जनुक काढून टाकलेल्या उंदरांना भरपूर चरबीचं खाणं दिलं, तरी त्यांचं इन्शुलिन अधिक चांगलं चाललं. आणि टाइप २ मधुमेह असलेल्या लठ्ठ माणसांनी खाणं कमी करून, व्यायाम करून वजन उतरवलं, तेव्हा त्यांच्या चरबीतलं एनएलआरपी३ही उतरलं. हे २०११ सालचं. रोज सकाळी टेकडी चढणाऱ्या माणसांकडे मी आता वेगळ्याच नजरेने बघतो. त्यांच्या पोटात ती घंटा शांत होत असेल!

आमचे बाबा कधीच लठ्ठ नव्हते, तरी पन्नाशीत त्यांना मधुमेह निघाला. म्हणून २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक फोटो मी मुद्दाम त्यांना दाखवला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आणि हे युडकिन तेच, ज्यांनी १९९९ मध्येच लिहिलं होतं, की निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या रक्तातल्या दाहाच्या खुणांचं मूळ चरबीत असू शकतं.

बाबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ते मुकुटाचं चित्र काढ बघू परत."