दोन वायरी आणि एक बॉन्ड

आमच्या पिढीला 'बॉन्ड' म्हटलं की जेम्स आठवत नाही. आधी आठवतो कंपनीचा कागद. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर दीड लाख भरायचे, आणि तोवर ओरिजिनल मार्कशीट त्यांच्या कपाटात. नर्सिंगला गेलेल्या मैत्रिणींना बॉन्ड, एमबीबीएस झालेल्या मावसभावाला सरकारी बॉन्ड. त्यामुळे लिनक्स शिकताना 'बॉन्डिंग' असं प्रकरण समोर आलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

लिनक्समधला बॉन्ड मात्र वेगळा. सर्व्हरला दोन नेटवर्क वायरी लावायच्या आणि सिस्टीमला सांगायचं, की या दोन नाहीत, एकच आहे असं समज. एक तुटली तर दुसरी काम उचलेल. गोष्ट जुनी आहे. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे ४८६ जातीचे संगणक जोडून 'बेवुल्फ' नावाचं यंत्र उभं केलं. तेव्हाची वायर १० मेगाबिटची. एकीने भागेना, म्हणून त्यांनी वायरींची मोट बांधली. आजचा लिनक्सचा बॉन्डिंग ड्रायव्हर मुळात बेकर यांच्या त्या कामातून आलाय.

माझी कंपनी हॉस्पिटलांचे सर्व्हर सांभाळायची. मला एका तालुक्याच्या गावी, शंभर खाटांच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे जिन्याखालच्या खोलीत सहा जुने संगणक धापा टाकत होते. एकावर बिलिंग, एकावर लॅब, एकावर एक्स-रे, एकावर औषधांचं दुकान, असं. ते सगळे काढून एक दणकट सर्व्हर बसवायचा आणि त्याच्या पोटात सहा आभासी मशिनं चालवायची, हे माझं काम. चाळ डोळ्यासमोर आणा. इमारत एक, खोल्या सहा, प्रत्येकीला आपलं दार आणि आपला मीटर. लिनक्समध्ये हे केव्हीएम करतं आणि ते २००७ पासून कर्नेलमध्येच आहे.

पण चाळीला रस्ता एकच असला तर पंचाईत होते. पूर्वी एक वायर निघाली तर एक संगणक बंद पडायचा. आता एक वायर निघाली तर सहाच्या सहा. म्हणून बॉन्ड.

आणि रस्ता एक असला तरी सगळ्यांनी सगळीकडे जायचं नाही, म्हणून व्हीलॅन. पेशंटच्या नातेवाइकांना दिलेलं फुकट वायफाय आणि लॅबचे रिपोर्ट एकाच वायरीतून जाणार, पण एकमेकांना दिसता कामा नयेत. मुंबईचे डबेवाले आठवा. लोकल एक, लाकडी पाटी एक, तरी कुठला डबा कुठे जायचा ते झाकणावरच्या खुणेवरून ठरतं. व्हीलॅनची खूण म्हणजे डेटाच्या प्रत्येक पुडक्याला चिकटवलेली चार बाइटची चिठ्ठी. तिच्यात नंबरासाठी १२ बिट, म्हणजे ४०९६ नंबर. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. हे १९९८ मध्ये ८०२.१क्यू या नावाने ठरलं. मला पाचच लागले. १० बिलिंगला, २० लॅब आणि एक्स-रेला, ३० कॅमेऱ्यांना, ४० पाहुण्यांच्या वायफायला, ९९ माझ्यासाठी, म्हणजे सर्व्हरच्या देखभालीला.

रचना खालून वर चढते. सगळ्यात खाली दोन वायरी. त्यांच्यावर बॉन्ड. बॉन्डवर पाच व्हीलॅन. प्रत्येक व्हीलॅनवर एक ब्रिज आणि त्या ब्रिजला ज्याची त्याची आभासी मशिनं. खालचा थर डगमगला की वरचं सगळं खाली येतं. शिवाय हे दुरून करायचं म्हणजे शेखचिल्लीसारखं. ज्या पत्त्यावरून तुम्ही आत शिरलाय, तो पत्ताच मूळ पोर्टवरून काढून वरच्या थरावर न्यायचा असतो. मधे चुकलं तर दार बंद, आणि तुम्ही बाहेर. त्यावर जुनी युक्ती अशी : आधी दहा मिनिटांनी रीस्टार्ट व्हायचा हुकूम देऊन ठेवायचा आणि बदल फक्त तात्पुरते करायचे, फाइलीत लिहायचे नाहीत. जमलं तर हुकूम रद्द. अडकलो तर दहा मिनिटांनी मशीन जुन्या अवतारात परत.

बॉन्डचे सात प्रकार आहेत, शून्य ते सहा. कंपनीच्या आराखड्यात चार नंबर होता. त्यात दोन्ही वायरी एकाच वेळी राबतात आणि स्विचशी बोलून काम वाटून घेतात. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना तो आवडला होता, कारण 'डबल स्पीड'. तसं नसतं. दोन एसट्या सोडल्या म्हणून एक प्रवासी निम्म्या वेळात पोचत नाही. प्रवासी जास्त मावतात, एवढंच. एका संगणकावर उघडलेला एक एक्स-रे एकाच वायरीतून येतो.

खरी अडचण पुढे होती. आराखड्यात दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये जात होत्या. वायर तुटली तर दुसरी आहे. स्विचच गेला तर? हॉस्पिटलने दुसऱ्या स्विचचे पैसे मंजूर केले नव्हते आणि आमच्या सरांना महिनाअखेरीस बिल लावायचं होतं. हँडओव्हरच्या फॉर्मवर एक ओळ होती : 'पर्यायी नेटवर्क तपासले – पास / फेल'. सर फोनवर म्हणाले, "दोन वायरी आहेत ना? पास कर आणि पाठव."

मी तपासल्याशिवाय सही करणार नव्हते. रात्री अडीचला, गर्दी नसताना, लॅबच्या टेक्निशियन दादांना सांगून मी पहिली वायर उपसली. दादा स्क्रीनवर रिपोर्ट उघडून बसले होते. त्यांना काही कळलंही नाही. बॉन्ड दर १०० मिलिसेकंदांनी वायर जिवंत आहे का बघत होता. माझ्या पडद्यावर एक पिंग गळला, बस. वायर परत लावली. मग मी स्विचचं बटण बंद केलं.

"मॅडम, गेलं सगळं," दादा म्हणाले. बटण लगेच चालू केलं, पण स्विच जागा व्हायला तीन मिनिटं गेली. तेवढ्यात वरून आयसीयूच्या सिस्टर रिपोर्ट विचारायला खाली आल्या. दादांनी कागदावर आकडे लिहून दिले. "जुन्या संगणकांच्या वेळी असंच पळायचो आम्ही," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. सवय झालेल्या माणसाचा होता.

मी फॉर्मवर लिहिलं : वायर तुटल्यास – पास. स्विच बंद पडल्यास – फेल. खाली सही, तारीख, वेळ.

हे लिहिताना मार्कशीट डोळ्यासमोर नव्हती असं म्हणणार नाही. समोरच्या पडद्यावर बॉन्डची स्थिती दाखवणारी फाइल उघडी होती. तिच्यात प्रत्येक वायरीच्या नावाआधी इंग्रजीत 'स्लेव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे गुलाम. २०२० मध्ये कर्नेलवाल्यांनी नव्या कोडमध्ये हा शब्द टाळायचं ठरवलं, पण जुने प्रोग्राम त्या फाइलीवर अवलंबून आहेत, म्हणून तिथे तो राहिलाय. बॉन्डमधली गुलाम. रात्रीच्या तीन वाजता त्यावर मी एकटीच हसले, आणि मग फारसं हसू आलं नाही.

सकाळी सरांचा फोन आला. आवाज चढला, 'टीम प्लेअर' हा शब्द आला, इन्क्रिमेंटचा विषयही आला. मी एवढंच म्हणाले, "सर, पास लिहायचं असेल तर तुम्ही सही करा." त्यांनी केली नाही. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना फॉर्म जसा होता तसा गेला. इन्क्रिमेंट त्या वर्षी झालं नाही.

पाच आठवड्यांनी दुसरा स्विच आला. मग चार नंबर ठेवता येईना, कारण वेगवेगळ्या दोन साध्या स्विचना मिळून एक असल्याचं सोंग करता येत नाही. त्यासाठी महागडे स्विच लागतात. मी एक नंबर लावला. एक वायर राबते, दुसरी सावध बसते. दोन्ही स्विच ट्रंकने एकमेकांना जोडले आणि एक-एक वायर एकेकात. स्पीडच्या दृष्टीने आधीपेक्षा मागास, पण कुठलाही स्विच बंद केला तरी लॅब चालू.

एक बारकावा मात्र दादांना कागदावर लिहून दिला. बॉन्ड फक्त शेजारच्या स्विचपर्यंत बघतो. स्विचचा दिवा हिरवा असेल पण त्याची पुढची वायर तुटलेली असेल, तर बॉन्डला सगळं आलबेल वाटतं. म्हणून पिंग करून बघायचं, नुसत्या दिव्यावर जायचं नाही. ट्रंकची वायर त्यांनी स्वतः लाल टेपने गुंडाळून ठेवली, सफाईवाल्या मावशींनी ओढू नये म्हणून.

आठ महिन्यांनी दुसऱ्या गावाहून एका अपडेटसाठी मी त्या सर्व्हरवर शिरले. त्या फाइलीत प्रत्येक वायरीखाली एक आकडा असतो, ती किती वेळा पडली त्याचा. सर्व्हर सुरू झाल्यापासून तो मोजला जातो. पहिल्या वायरीखाली ३ होते. मी दादांना फोन करून विचारलं, मधे कधी नेटवर्क गेलं होतं का?

"नाही हो मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यापासून एकदाही नाही."